पायातला खिळा

पप्पा दर रविवारी आंघोळ झाली की मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे आणि दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं पायाचं कुरूप कापायचे. डाव्या पायाच्या करंगळीवर एक आणि त्याच पायाच्या तळव्याला एक. पाय भिजून कातडी मऊ झालेली असायची. ब्लेड आडवं धरून ते कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ काप काढायचे. आई म्हणायची, "अहो, डॉक्टरला दाखवा की." पप्पांचं उत्तर ठरलेलं, "कुरूपाला काय दाखवायचं? काटा मोडलाय कधीतरी, बाकी काही नाही."

वाळूजच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं मशीनसमोर उभे होते. पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीदान समारंभाला ते काळे मोजे आणि बूट घालून आले. मे महिन्यातल्या उन्हात, तिसऱ्या तासाला ते लंगडायला लागले. मी म्हटलं, "चप्पल घालून यायचं ना." ते म्हणाले, "लोकांसमोर असला पाय दाखवू का?"

मराठीत या दुखण्याचं नावच तसं आहे. कुरूप. दुसरं नाव भोवरी, पण आमच्याकडे सगळे कुरूपच म्हणतात. इंग्रजीतला 'कॉर्न' हा शब्द लॅटिनमधल्या शिंगावरून आला. जर्मन माणूस याला कोंबडीचा डोळा म्हणतो, चिनी माणूसही कोंबडीचा डोळाच म्हणतो. हिंदीत गोखरू, म्हणजे सराट्याचा काटा. कोणी ते कसं टोचतं यावरून नाव दिलं, कोणी कसं दिसतं यावरून. आपण नावातच निकाल देऊन टाकला: हे वाईट दिसतं, झाका.

पप्पांची करंगळी गेली त्यानंतर मी याचा इतिहास शोधायला लागलो. ती कशी गेली ते पुढे सांगतो. आधी इतिहास, कारण तो आपल्याच मातीत सुरू होतो.

काळी माती आणि जाड चप्पल

पाली भाषेतल्या विनयपिटकात भिक्खूंसाठीचे नियम आहेत. त्यातल्या महावग्गाचं पाचवं प्रकरण चामड्याबद्दल, म्हणजे मुख्यतः चपलांबद्दल आहे. सॉफ्टवेअरवाल्याला ते वाचताना ओळखीचं वाटतं. आधी नियम, मग कोणीतरी त्याचा गैरफायदा घेतो, मग नियम कडक होतो, मग एक एज केस समोर येते आणि पॅच टाकावा लागतो.

सुरुवात सोण कोळिविस या तरुणापासून होते. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला मुलगा. इतका नाजूक वाढलेला की जमिनीवर पाय टेकायची सवय नव्हती. भिक्खू झाल्यावर तो अनवाणी चंक्रमण करायला लागला आणि चालण्याची ती वाट रक्तानं माखली. बुद्धांनी त्याला एका थराच्या चपला वापरायला सांगितलं. सोण म्हणाला, एवढं ऐश्वर्य सोडून आलो आणि आता चपलेसाठी वेगळी सवलत घेतली तर लोक काय म्हणतील? सगळ्या संघाला परवानगी मिळाली तरच मी घालीन. मग सगळ्यांनाच मिळाली.

पुढे काही भिक्खू आपले आचार्य अनवाणी चालत असताना स्वतः चपला घालून फिरायला लागले. म्हणून विहाराच्या आवारात चपला बंद झाल्या. आणि मग एज केस आली. एका भिक्खूच्या पायाला असं दुखणं झालं की त्याला शौचालाही इतरांनी धरून न्यावं लागायचं. बुद्धांनी ते पाहिलं, विचारलं, आणि नियमाला अपवाद केला: ज्याचे पाय दुखतात, ज्याच्या पायांना भेगा पडल्या आहेत किंवा ज्याला 'पादखील' झालं आहे, त्यानं चप्पल घालावी.

पादखील म्हणजे कुरूप. शब्दशः, पायातला खिळा. आपला 'खिळा' शब्द त्याच 'कील'च्या घरातला आहे. ज्यानं हे नाव दिलं त्यानं पायाकडे बाहेरून पाहिलं नव्हतं, त्याच्यावर उभं राहून पाहिलं होतं.

याच प्रकरणाच्या शेवटी आपला भाग येतो. सोण कुटिकण्ण नावाचा दुसरा एक भिक्खू आपले गुरू महाकच्चान यांचा निरोप घेऊन बुद्धांकडे जातो. निरोप असा की अवंती आणि दक्षिणापथाकडची जमीन काळी आहे, खरखरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून कडक झालेली आहे. तिकडे एका थराच्या चपलेनं भागत नाही. बुद्ध मान्य करतात, आणि मध्यदेशाबाहेरच्या मुलखांत अनेक थरांच्या चपलांना परवानगी मिळते.

दक्षिणापथाची वाट जिथपर्यंत यायची ते प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. आणि खुरांनी तुडवलेली काळी माती ज्यांनी एप्रिल महिन्यात मराठवाड्यात पाहिली आहे त्यांना तिचं वर्णन वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गुरांचे खूर चिखलात रुततात, उन्हाळ्यात त्या खळग्यांच्या कडा वाळून दगड होतात. त्यावर अनवाणी पाय पडला की तळव्याच्या एका बिंदूवर अख्ख्या शरीराचा भार येतो.

कन्नड तालुक्यातली पितळखोरा लेणी सुमारे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. आमच्या विद्यापीठामागच्या डोंगरातली लेणी त्यानंतरची. या लेण्यांत वर्षावासाला येणारे भिक्खू उरलेले नऊ महिने याच मातीवरून चालत असणार. लेण्यांतली शिल्पं पाहताना आपण वर पाहतो. मी गेल्या वेळी पहिल्यांदा खालची फरशी पाहिली.

खडा, खापर, समुद्रफेस

लपवण्याचा इतिहास जितका जुना, तितकाच मऊ करण्याचाही. विनयपिटकातच चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. विशाखा ही दानशूर उपासिका संघासाठी घडा, केरसुणी आणि पाय घासायची एक कोरीव घासणी घेऊन येते. बुद्ध घडा आणि केरसुणी ठेवून घेतात, घासणी नाकारतात. तिच्याऐवजी तीन साध्या गोष्टी चालतील असं सांगतात: खडा, खापर आणि समुद्रफेस. पाय घासायला हरकत नाही, मिरवायला आहे.

माझी आजी गेली तोपर्यंत तिच्या न्हाणीघरात फुटक्या माठाचं एक खापर असायचं. तिनं पाली वाचली नव्हती.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडे खापराऐवजी वज्री होती. पितळेची ओतीव, खालून खरखरीत, वर मोर, हत्ती किंवा घोडा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या पाहायला मिळतात. नाकारलेली ती कोरीव घासणी शेवटी वाड्यांच्या न्हाणीघरांत पोहोचलीच.

वैद्यकानंही याची दखल फार आधी घेतली. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत 'कदर' आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. खडे किंवा काटे टोचून पायाला होणारी, खिळ्यासारखी कठीण, दुखणारी गाठ, असं तिचं वर्णन. उपाय: कापून काढायची आणि तापलेल्या तेलानं डागायची. गावाकडे बिब्ब्याचा चटका देतात तो याच घराण्यातला. बिब्बा तापवून त्याचं तेल कुरुपावर टेकवायचं. तेल जहाल असतं, शेजारची चांगली कातडीही सोलवटून काढतं.

कापायचं काम मात्र वैद्यापेक्षा न्हाव्याकडे जास्त असायचं. त्याच्या धोपटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असायची. नखं तिनंच काढायची, कुरूपही तिनंच खरवडायचं. युरोपातही फार वेगळं नव्हतं. लंडनच्या रस्त्यांवर कुरूप कापणारे हाळी देत फिरायचे. मग त्यातून प्रतिष्ठित व्यवसाय तयार झाला. राणी व्हिक्टोरियाच्या पायांची काळजी घेणाऱ्या लुईस डरलाकरनं १८४५ मध्ये कुरूप आणि नखांच्या विकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. राणीलाही बूट चावत असणार, एवढाच याचा अर्थ.

कोणाच्या पायात चप्पल

आपल्याकडे मात्र न्हावी सगळ्यांच्या दारात जायचा नाही. आणि चप्पलही सगळ्यांच्या पायात असायची नाही. ज्या समाजांनी कातडं कमावलं, चपला शिवल्या, त्यांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना चप्पल काढून हातात धरावी लागायची. तेव्हा कुरूप कोणाला होणार हे फक्त मातीनं ठरवलेलं नाही.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले होते. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखले होते. दरवाजाशी एक हौद पाण्यानं भरलेला होता, त्यातलं पाणी घेऊन काहींनी तोंड आणि पाय धुतले. थोड्या वेळात एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला. शेवटी किल्ल्यात जाऊ दिलं, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. आम्ही शाळेच्या सहलीला दौलताबादला दोनदा गेलो. तोफ पाहिली, अंधारी पाहिली, चांद मिनार पाहिला. पाय धुण्याची ही गोष्ट कोणी सांगितली नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, ठराव अडकला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आमच्या शहराकडे लाँग मार्च निघाला. वाट साडेचारशे किलोमीटरहून जास्त, दिवस थंडीचे. वाटेत पोलिसांनी अडवलं, लाठ्या चालल्या, अटका झाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्या गेटसमोर आज आम्ही सेल्फी काढतो त्यावरचं नाव त्या पायांनी तिथवर आणलं आहे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत आले, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. त्यात आदिवासी बाया मोठ्या संख्येनं होत्या. सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. मुंबईच्या लोकांनी त्यांना चपला दिल्या, मलमपट्टी केली.

आणि ८ मे २०२०. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घरांकडे निघालेले मजूर भुसावळला रेल्वे मिळेल या आशेनं रुळांवरून चालत होते. आमच्या शहराच्या अलीकडे, करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या चपला आणि भाकरींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ते ठिकाण आमच्या घरापासून बाईकवर तासाभराच्या आत आहे.

या फोटोंबद्दल मी बराच विचार केला. एकदम भरपूर चाललं की कातडीला फोड येतो. तेच घर्षण, तोच दाब थोडा-थोडा, रोज, वर्षानुवर्षं आला की कुरूप होतं. फोडाचा फोटो निघतो. कुरुपाचा निघत नाही. पप्पा सव्वीस वर्षं चालले, पण एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत. त्याची बातमी कशी होणार?

पट्टी

आता कुरूप म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं. आत काटा नसतो. मूळही नसतं. एकाच जागी सतत दाब आला की कातडी स्वतःला वाचवायला वरचा थर जाड करत जाते. मोठ्या जागेवर जाड झाला तर तो घट्टा, तो सहसा दुखत नाही. लहानशा बिंदूवर जाड झाला तर तो शंकूसारखा होतो आणि त्याचं टोक आत वळतं. हाच तो खिळा. बाहेरून कोणी ठोकलेला नसतो, आपल्याच कातडीनं संरक्षणासाठी केलेला असतो. बोटांच्या बेचक्यात, घामानं ओल्या जागी होतो तेव्हा तो मऊ राहतो, पण दुखणं तेच.

म्हणून कापलं तरी ते परत येतं. बूट तोच, उभं राहणं तेच, तर खिळाही तोच.

मेडिकलमध्ये मिळते त्या गोल पट्टीला आपण कॉर्न कॅप म्हणतो. तिच्या मधल्या ठिपक्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, बहुतेक वेळा चाळीस टक्के. विलोच्या सालीशी नातं असलेलं हे रसायन जर्मनीत हर्मान कोल्बे यांनी प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं आणि १८७४ पासून ड्रेस्डेनला ते कारखान्यात बनायला लागलं. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी जाड कातडी मऊ करण्याचा त्याचा गुण रुजवला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटपणा ते सैल करतं. कातडी पांढरी पडते, मऊ होते, सोलून निघते. तिकडे शिकागोत विल्यम शोल यांनी १९०४ पासून पायाला आधार देणाऱ्या वस्तू विकायला सुरुवात केली आणि पायाचं दुखणं दुकानाच्या काचेत आलं.

ॲसिडला एक गोष्ट मात्र कळत नाही: मेलेली कातडी कुठे संपते आणि जिवंत कुठे सुरू होते. ते दुखण्यावरून आपल्याला कळतं. आग झाली की माणूस पट्टी काढतो.

पप्पांना आग झाली नाही. पट्टी चार दिवस तशीच राहिली. त्यांना शुगर होती आणि ती किती वर्षांपासून होती ते कोणालाच माहीत नव्हतं. पायाच्या नसा कधीच्या बधिर झाल्या होत्या. गेली दोन वर्षं कुरूप दुखायचं कमी झालंय म्हणून ते खूश होते. पाचव्या दिवशी आईला वास आला. पट्टीखाली खड्डा पडला होता. तीन आठवडे ड्रेसिंग झालं, पू हाडापर्यंत गेला होता, करंगळी काढावी लागली. पट्टीच्या पाकिटावर मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की मधुमेहींनी वापरू नये. घरात इंग्रजी वाचणारा एकच माणूस, तो पुण्यात कोड लिहीत बसला होता.

थर

दुखत नाही हीच सगळ्यात मोठी धोक्याची खूण असू शकते, हे ज्यांनी जगाला समजावलं त्यात डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव मोठं आहे. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं जंतूंमुळे झडतात असं तेव्हा मानलं जायचं. ब्रँड यांनी पाहिलं की संवेदना गेल्यानं रुग्णांना जखमच कळत नाही. खिळ्यावर पाय पडला तरी ते तसेच चालत राहतात. बोटं रोगानं झडत नव्हती, न कळलेल्या जखमांनी जात होती. मग औषधाइतकंच महत्त्व चपलेला आलं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा थर, खाली कडक तळ. दाब एका बिंदूवर न येता पसरावा एवढंच तिचं काम. तीच 'एमसीआर' चप्पल आज मधुमेहींना देतात.

शाळेत शिकलेलं सूत्र आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बल कमी करता येत नाही, माणसाला वजन असतंच. क्षेत्रफळ वाढवा. काळ्या कडक मातीसाठी मागितलेली अनेक थरांची चप्पल आणि वेल्लोरची रबरी चप्पल एकाच सूत्राची दोन उत्तरं आहेत.

पप्पांना ती चप्पल मिळाली तेव्हा त्यांनी ती खोक्यातच ठेवली. "आजाऱ्याची चप्पल दिसते. लोक विचारतील." पुन्हा तेच. कुरूप गेलं, पण लपवणं राहिलं. मी त्यांना चिडून बोललो, मग सोणची गोष्ट सांगितली. श्रीमंताचा पोरगा, एकट्याला चप्पल नको म्हणाला, सगळ्यांना द्या म्हणाला. पप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तू पण घाल."

मी तसलीच एक जोडी घेतली. दिसायला खरंच बरी नाही. घरातून निघताना आम्ही दोघं ती घालतो, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चहाला जातो. आतापर्यंत एकानंही विचारलं नाही.

या सुट्टीत घरी गेलात तर आई-वडिलांचे तळवे एकदा उजेडात नीट पाहा. बोटांच्या बेचक्यातही पाहा. कुरूप असेल तर शुगर तपासून घ्या. शुगर नसेल तर कोमट पाणी, खापर किंवा प्यूमिस, आणि बोटांना मोकळी जागा देणारी पादत्राणं एवढं बहुतेकदा पुरतं. शुगर असेल तर ब्लेड नाही, बिब्बा नाही, पट्टी नाही, सरळ डॉक्टर. ते पाय मागे घेतील, "काही नाही रे" म्हणतील. घेऊ देऊ नका.